हेड गॅस्केट बदललं तरी ऑइलमध्ये कूलंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या आमच्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात हा फोन हमखास येतो. "अहो, परवाच गॅस्केट बदललं आणि ऑइल परत दुधाळ दिसतंय." माणूस घाबरलेला असतो, खिसा नुकताच रिकामा झालेला असतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: परत हेड उतरवायचं का? दुधाळ म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. हेड हा इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक खालचा, आणि हेड गॅस्केट त्या दोघांमधलं सील. माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे. पाणी नेमकं कुठून येतंय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हेडला कोणाला हात लावू देऊ नका, आणि ते कळेपर्यंत गाडी चालवू नका. बाकीची उत्तरं यातूनच निघतात.

गॅस्केट काल बदललं, आज ऑइल मोजायच्या काडीवर दुधाच्या चहाचा रंग. काम फसलं का?

लगेच तसं म्हणू नका. हेड उचलतात तेव्हा ब्लॉकमध्ये राहिलेलं कूलंट सिलिंडरमध्ये आणि ऑइल परतीच्या भोकांमध्ये सांडतं. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकच्या पोटात पाणी राहतंच. ते थेट खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत जातं. शिवाय गॅस्केट गेलं होतं तेव्हाचं जुनं दुधाळ ऑइल अजून आतच असतं: ऑइल गॅलरीत म्हणजे ऑइलच्या आतल्या वाटांत, टॅपेटच्या खाचांमध्ये, ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या पाइपात. नुसता चेंबरचा नट उघडून ते सगळं बाहेर येत नाही. नवं ऑइल भरून इंजिन फिरवलं की तो जुना मळ त्यात मिसळतो आणि काडीवर परत तोच रंग दिसतो.

म्हणून पहिल्या ऑइलचा रंग पाहून निकाल देऊ नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑइलचा रंग काय सांगतो ते पाहायचं. प्रत्येक वेळी रंग साफ होत गेला तर तो जुना मळ होता. प्रत्येक वेळी तितकाच दुधाळ आला, तर पाणी अजून आत येतंय.

इंजिन धुवायचं कसं? मिस्त्री म्हणतो डिझेल घालून फिरवू.

नको. डिझेलला इंजिन ऑइलइतकी वंगणाची ताकद नसते. पाण्याने आधीच हैराण झालेल्या बेअरिंगवर डिझेल फिरवलं तर उरलीसुरली फिल्मही जाते. त्याच ग्रेडचं साधं, स्वस्त ऑइल भरा, फिल्टर नवा लावा, इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलवर गरम करा, रेस देऊ नका, आणि गरम असतानाच काढून टाका. असं दोनदा करा. दर वेळी फिल्टरही बदला, कारण फिल्टरचा कागद पाणी धरून ठेवतो. लोक नेमकी तिथेच कंजुषी करतात आणि मग म्हणतात, "तीनदा ऑइल बदललं तरी तसंच."

त्यानंतर चांगलं ऑइल भरायचं आणि साधारण ५०० किलोमीटरला पुन्हा बदलायचं. महागडं सिंथेटिक पहिल्याच धुण्यात ओतू नका.

काडी स्वच्छ आहे, पण ऑइलच्या टोपीखाली पिवळट साय जमलीय. तेच का?

मुंबईत जून ते सप्टेंबर हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि बहुतेकदा उत्तर "नाही" असतं. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशी दोन-दोन किलोमीटरची फेरी असली की इंजिन नीट तापत नाही. हवेतला दमटपणा आणि ज्वलनातून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली येणारी वाफ टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन जमते आणि ऑइलमध्ये मिसळून साय होते. सीएनजी गाडीत हे जास्त दिसतं, कारण तेवढ्याच ऊर्जेसाठी सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते.

टोपी पुसा. ठाण्याहून घोडबंदर रोडने किंवा नाशिकच्या दिशेने तासभर सलग गाडी पळवा. साय परत आली नाही, काडी स्वच्छ राहिली आणि कूलंट जागच्या जागी राहिलं, तर विषय संपला. मात्र नुकतंच हेडचं काम झालेलं असेल, तर हा लांबचा फेरा मारण्याआधी पुढच्या प्रश्नातल्या तीन तपासण्या करून घ्या.

पाणी खरंच आत जातंय का, हे घरी कसं ओळखू?

पहिलं म्हणजे पातळी. सकाळी इंजिन थंड असताना, रोज त्याच जागी, सपाट जमिनीवर. सोसायटीच्या उतारावर लावलेल्या गाडीचं माप आज एक आणि उद्या दुसरं येतं. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा, ऑइलच्या काडीचा फोटो काढून ठेवा. हेडच्या कामानंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि कूलंट थोडं खाली जातं, त्याला घाबरू नका. पण कूलंट उतरतंय आणि त्याच वेळी ऑइलची पातळी वर चढतेय, असं दिसलं तर शंकेला जागाच नाही. इंजिन स्वतः ऑइल तयार करत नाही.

दुसरं, चेंबरच्या नटाची परीक्षा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. कूलंट ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे सुटं पाणी तळाशी बसतं. सकाळी इंजिन चालू न करता नट हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. आधी हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकलं आणि मागून ऑइल आलं, तर कूलंट आत जातंय. ही जुनी युक्ती आहे आणि मी आजही सगळ्यात आधी तीच करतो.

तिसरं, तव्याची परीक्षा. जुना तवा गरम करून त्यावर काडीवरच्या ऑइलचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. चुपचाप पसरला तर नाही, किंवा फारच थोडं आहे. हे घराबाहेर करा, डोळे सांभाळा, आणि तो तवा परत भाकरीला वापरू नका. ते पाणी पावसाचं आहे की कूलंट, हे मात्र तवा सांगत नाही. ते हवं असेल तर ऑइलचा नमुना लॅबमध्ये द्यायचा. रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, बोरॉन वाढलेले दिसले तर कूलंटमधली रसायनं ऑइलमध्ये आली असं समजतात. एका गाडीसाठी सहसा गरज पडत नाही, पण ट्रक-बसचे मालक करून घेतात आणि बरोबर करतात.

इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त असतं ना? मग पाणी ऑइलमध्ये जातं कसं?

हा प्रश्न विचारणारा माणूस विचार करतोय, त्याला मी खुर्ची देतो. चालत्या इंजिनात ऑइलचं प्रेशर साधारण दोन ते चार बार असतं, आणि रेडिएटरच्या टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे कूलंट एक बारच्या आसपास. पण हे प्रेशर ऑइलच्या पंपाकडून येणाऱ्या वाटेत असतं. ऑइल परत खाली यायच्या वाटा मोकळ्या असतात, तिथे प्रेशर नसतंच. गॅस्केट त्या भोकाजवळ फाटलं तर पाणी चालू इंजिनातही सरळ खाली जातं.

आणि गळती प्रेशरच्या वाटेवर असेल, तर ती इंजिन बंद झाल्यावर उलटते. चावी बंद केली की ऑइलचं प्रेशर काही क्षणांत शून्यावर येतं, कूलंट मात्र गरम आणि दाबाखालीच राहतं, तासभर तरी. त्या तासात पाणी ऑइलकडे ढकललं जातं. म्हणून काही गाड्यांत संध्याकाळी काडी ठीक दिसते आणि सकाळी पातळी वर गेलेली असते.

गळती नेमकी कुठे आहे ते मेकॅनिक कसं शोधतो?

यात घाई करू नये. पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावायचा आणि टोपीवर जेवढा आकडा आहे तेवढंच प्रेशर द्यायचं, त्याहून जास्त नाही. आधी बाहेरून बघायचं: होज, वॉटर पंप, हीटरचे पाइप. बाहेर कोरडं आहे आणि तरी पंपाचा काटा उतरतोय, तर पाणी आत जातंय. मग ऑइल काढायचं, चेंबर उतरवायचं, खाली पुठ्ठा पसरायचा, पुन्हा प्रेशर द्यायचं आणि टॉर्च घेऊन खालून वर बघत बसायचं. गरज पडली तर रात्रभर.

थेंब कुठून पडतो त्यावर सगळं ठरतं. एखाद्या सिलिंडरच्या आतून, पिस्टनच्या कडेने आला, तर पाणी वरून ज्वलनाच्या जागेत येतंय: गॅस्केटची रिंग किंवा हेडला तडा. त्या सिलिंडरचा प्लग काढून पाहिला तर तो धुतल्यासारखा स्वच्छ असतो. ऑइल परतीच्या भोकातून ओघळ आला, तर गॅस्केटचा तो भाग, हेडमधला तडा, किंवा टॅपेट कव्हरखाली बसवलेला डमी प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटेचं भोक बंद करणारं बूच. यातला डमी प्लग वरून कव्हर काढूनच दिसतो, त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरच्या बाजूने, खालच्या टोकाशी थेंब जमला, तर ओल्या लायनरच्या, म्हणजे बाहेरून पाणी लागणाऱ्या लायनरच्या ओ-रिंगा (रबरी सीलं) गेल्या. हे मोठ्या डिझेल इंजिनांत दिसतं, आणि तिथे हेड गॅस्केट कितीदाही बदला, काही फरक पडत नाही. आणि अगदी पुढून, चेनच्या बाजूने पाणी आलं, तर टायमिंग कव्हरचं गॅस्केट किंवा आत बसवलेला वॉटर पंप.

थंड इंजिनात काहीच सापडलं नाही, तर गरम करून पुन्हा करा. काही तडे धातू प्रसरण पावल्यावरच उघडतात, काही उलट तापल्यावर मिटतात. एका थंड टेस्टवर "सगळं ठीक" असं लिहून देणाऱ्याचं ऐकू नका.

रेडिएटरवर निळ्या केमिकलची टेस्ट केली, रंग बदलला नाही. म्हणजे गॅस्केट शाबूत?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. ते केमिकल फक्त ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये आला की निळ्याचं पिवळं होतं. म्हणजे सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधली गळती ते सांगतं. तुमची तक्रार पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्यामधली आहे. तिथे गळती असली तरी हे केमिकल निळंच राहील.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. सीएनजीचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा डबा, कूलंटच्या पाण्याने गरम ठेवला जातो. त्याच्या आतलं सील गेलं तर गॅस कूलंटमध्ये येतो, बाटलीत बुडबुडे उठतात आणि मेकॅनिक "गॅस्केट गेलं" म्हणून मोकळा होतो. अशा वेळी निळं केमिकल उपयोगी पडतं. न जळलेल्या सीएनजीने त्याचा रंग बदलत नाही, जळलेल्याने बदलतो. बुडबुडे आहेत आणि रंग निळाच, तर हेडकडे जाण्याआधी रिड्यूसर बघा. गॅसचा वास आला तर गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किटवाल्याकडेच द्या.

नवं गॅस्केट टाकूनही का गळतं?

गॅस्केट सहसा निर्दोष असतं. दोष ज्या दोन पृष्ठभागांमध्ये ते बसतं त्यांचा, किंवा बसवणाऱ्याच्या हाताचा.

गाडी कसारा घाटात किंवा सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापली, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत वाकण्याची मर्यादा ०.०५ मिमी असते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ते डोळ्याला दिसत नाही. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजावं लागतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. आणि हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला दिलं म्हणून काम पूर्ण होत नाही. फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून घ्यायची: पाण्याच्या वाटा प्लेटने बंद करायच्या, आत हवा भरायची, हेड गरम पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे बघायचे. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधला बारीक तडा तिथेच सापडतो. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून हेड आणलं असेल तर ही टेस्ट बसवण्याआधी झालीच पाहिजे. दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी.

हेड सगळे तपासतात, ब्लॉकचा माथा कोणी तपासत नाही. आणि तो साफ करायला ग्राइंडरवर खरखरीत डिस्क लावतात, तेव्हा मला राहवत नाही. तिने खड्डे पडतात, शिवाय डिस्कची पूड ऑइलच्या भोकात जाते आणि महिन्याभरात बेअरिंग खाते. हल्लीची पोलादी पापुद्र्यांची गॅस्केटं तर आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग मागतात. जुन्या कागदी-अ‍ॅस्बेस्टॉससारख्या गॅस्केटांना थोडं खरखरीत चालायचं, यांना चालत नाही. वरून सिलिकॉन फासूनही भागत नाही. कंपनीने सांगितलेल्या जोडाच्या कोपऱ्यापुरतं ठीक, बाकी कोरडं.

आता बोल्ट. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका डिझेल जीपचं हेड मी बसवलं, टॉर्क पान्याने, क्रमाने, सगळं नीट. पंधरा दिवसांत जीप परत आली, ऑइल दुधाळ. उघडलं तर दोन बोल्टांच्या भोकांत तळाशी कूलंट साचलेलं होतं. ते मी काढलंच नव्हतं. भोक खालून बंद असलं की बोल्ट त्या पाण्यावर टेकतो, पाना टक्कन वाजतो, आपल्याला वाटतं बसला, पण हेडवर दाब आलेलाच नसतो. ब्लॉक फुटला नाही हे त्या मालकाचं नशीब. ते काम मी माझ्या पैशाने पुन्हा केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक भोकात हवा मारून, कापड घालून कोरडं केल्याशिवाय मी हेड ठेवत नाही.

अंशात फिरवून आवळायचे बोल्ट सहसा एकदाच वापरायचे असतात, ते ताणले जातात. जुनेच घातले असतील तर कितीही नेमकं आवळा, पकडीची खात्री नाही. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. आणि डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवावं: बऱ्याच डिझेल इंजिनांना एकाच मॉडेलची वेगवेगळ्या जाडीची गॅस्केटं येतात, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखायची. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरते. ऑपेरा हाउसच्या बाजारात नुसतं गाडीचं नाव सांगून गॅस्केट आणलं की इथे फसगत होते.

हेड गॅस्केट सोडून सर्वात जास्त संशय कोणावर?

ऑइल कूलर. ज्या इंजिनात ऑइल कूलंटच्या पाण्याने थंड होतं, तिथे हा छोटा डबा फिल्टरच्या जवळ बसलेला असतो. तो आतून फुटला की ऑइलमध्ये कूलंट आणि कूलंटमध्ये ऑइल, दोन्ही. कूलंटच्या बाटलीत लोण्यासारखा तपकिरी थर दिसला तर आधी हाच काढा. सोपं आहे: त्याचे पाण्याचे होज एकमेकांना जोडून कूलर वाटेतून बाजूला काढा, किंवा सोडवून हवेच्या दाबाने पाण्याच्या टबात बुडवून बघा. हेड उतरवण्याच्या तुलनेत हे काम काहीच नाही. असं असताना हेड दोनदा उतरलेलं आणि कूलरला कोणी हात न लावलेला, अशा गाड्या माझ्याकडे येतात. फार वाईट वाटतं.

पाण्याने थंड होणारा टर्बोही क्वचित दोषी निघतो.

गळती बंद करणारं केमिकल रेडिएटरमध्ये टाकू का?

नका टाकू. ते रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बंद करतं, आणि मग खरी टेस्टही धड होत नाही.

गाडी पुराच्या पाण्यातून गेली होती. हे त्यामुळे असेल का?

असू शकतं, आणि मुंबईत हे विचारायलाच हवं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, नाव घ्या आणि कुणाची तरी गाडी तिथे अडकलेली असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतर कित्येक आठवडे गॅरेजांत दुधाळ ऑइलच्याच गाड्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचं गॅस्केट धडधाकट होतं. पाणी काडीच्या नळीतून, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून), एअर फिल्टरमधून आत जातं.

फरक कूलंटची बाटली सांगते. ती भरलेली आहे, रंग तोच आहे, आणि ऑइल मात्र दुधाळ, तर पाणी बाहेरून आलंय. चेंबरमधून निघालेलं पाणी गढूळ असतं, त्याला कूलंटचा रंग आणि गोडसर वास नसतो. बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑफिसला जायचंच आहे. चार दिवस अशीच चालवली तर?

चेंबूर ते बीकेसी एवढंच तर अंतर, असं लोक म्हणतात. पण बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) यांच्यामध्ये ऑइलची एक पातळ फिल्म असते, सगळं वजन तिच्यावर. पाणी मिसळलं की ती फिल्म तुटते. शिवाय कूलंटमधलं ग्लायकोल गरम ऑइलमध्ये आम्ल तयार करतं, ते बेअरिंगचा धातू खातं, आणि काळा चिकट गाळ ऑइल पंपाची जाळी बंद करतो. ऑइलचा दिवा आयडलवर लुकलुकला किंवा खालून जड टकटक आली, तर तिथेच इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. आणि दुधाळ ऑइलवर बरीच चालली असेल, तर चेंबर उतरवलंच आहे तेव्हा एक-दोन बेअरिंग कॅप उघडून शेल, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या पाकळ्या बघून घ्या. तांब्याचा रंग दिसू लागला असेल तर नुसतं गॅस्केट बदलून ते इंजिन टिकणार नाही.

दुसऱ्यांदा खर्च कोणी करायचा?

कारणावर आहे, म्हणूनच कारण आधी शोधा. हेड मोजलं नाही, जुने बोल्ट घातले, भोकं साफ केली नाहीत, तर तो बसवणाऱ्याचा दोष, त्याने मजुरी घेऊ नये. ऑइल कूलर आधीपासून फुटलेला होता तर गॅस्केटचं काम कदाचित चांगलंच झालं असेल. पण मग आधी तो का तपासला नाही, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहेच.

पहिल्याच कामाच्या वेळी या गोष्टी मागून ठेवा: लेथवाल्याचं बिल आणि त्यावर प्रेशर टेस्टचा उल्लेख, नव्या बोल्टचं बिल, गॅस्केटचा पार्ट नंबर, काढलेलं जुनं गॅस्केट. जुनं गॅस्केट फेकू देऊ नका. कुठे जळलंय, कुठे पाण्याची वाट पडलीय हे ते स्वतः दाखवतं. आणि दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली तर समोर उभे राहा, प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या. बोलून मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. चांगला मेकॅनिक या कागदांना घाबरत नाही, मी तर गिऱ्हाइकाला आपणहून देतो.

काढलेलं ऑइल आणि कूलंट कुठे टाकू?

गटारात नाही आणि झाडाच्या मुळाशीही नाही. जुनं ऑइल आम्ही पिंपात साठवून परवानाधारक रिसायकलरला देतो, तुमच्या जवळच्या मोठ्या गॅरेजला विचारा, ते घेतील. कूलंट मिसळलेलं ऑइल वेगळ्या डब्यात द्या आणि तसं सांगा.

कूलंटचं मात्र जास्त सांभाळा. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं गाडीखालीच झोपतात, आणि कूलंटचं थारोळं चाटून मरतात. घरी नट सैल करून बघणार असाल तर खाली रुंद ट्रे ठेवा, काम झालं की लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओता, लेबल लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि सांडलेल्या जागेवर वाळू टाकून, ती भरून घेऊन, जमीन भरपूर पाण्याने धुवा.